ताई, वर्गात जाऊन बस

प्रिय ताई,

एम.ए. करायचं ठरवलंस हे सांगताना फोनवर तू आवाज इतका खाली आणला होतास, की शेजारच्या खोलीत कुणीतरी आहे हे मला पुण्यात बसून कळलं. पोस्टातून निवृत्त झालीस, लेकीचं लग्न झालं, मुलगा नोकरीला लागला, आणि आता साठीत तुला जुनं मराठी साहित्य शिकायचंय. मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिकाही आणून ठेवली आहेस. "घरबसल्या होऊन जाईल रे, कुणाला त्रास नको," म्हणालीस आणि लगेच माझ्या गुडघेदुखीची चौकशी सुरू केलीस.

एम.ए. कर. त्याबद्दल दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते घरबसल्या करू नकोस. नागपुरातल्या महालातून रोज नीघ, अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरात जा आणि वर्गात बस. हे फोनवर बोलायला गेलो असतो तर "बरं, बघू" म्हणून तू मोकळी झाली असतीस, म्हणून लिहितोय. छापायला अशासाठी देतोय, की तुझ्यासारखी माणसं माझ्या ओळखीत बरीच आहेत. त्यांच्या कपाटात फॉर्म पडलेले असतात आणि शेवटची तारीख उलटून जायची ती मनातल्या मनात वाट पाहत असतात.

आधी लोकांचं बघू. आपल्या नागपुरात कुणी मोठ्या वयात शिकायला निघालं की दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे गल्लीतलं कुणीतरी विचारणार, "काऊन वो, आता पोट्ट्यांसंगं वर्गात बसता का?" आणि दुसरी, कुणीतरी श्रीकांत जिचकारांचं नाव काढणार. भाऊजी तर काढतीलच. डॉक्टर, वकील, आधी आयपीएस मग आयएएस, काटोलचे आमदार, मंत्री, संस्कृतचे डी.लिट.; वीस पदव्यांचा हा माणूस नागपूरकरांना तोंडपाठ आहे. अभिमान वाटावा असाच. पण त्यांच्या बहुतेक परीक्षा विशीत-तिशीत झाल्या, आणि २००४ साली कोंढाळीजवळच्या अपघातात ते गेले तेव्हा पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. साठीत पुस्तक उघडणाऱ्या माणसासमोर जिचकारांचं नाव ठेवलं, की ऐकणारा हसून बाजूला होतो, कारण ती आपली मोजपट्टीच नव्हे. तुला वीस पदव्या नकोत, एक हवी आहे. तीही तुझ्या विषयातली.

मग येतो "आता उपयोग काय?" हा प्रश्न. तुझ्या बाबतीत तो पहिल्यांदा येत नाहीये. एलएडी कॉलेजमधून बी.ए. झालीस तेव्हाही तो आला होता. मराठीत एम.ए. करून काय होणार, पोस्टाची परीक्षा पास झाली आहेस तर जा, असं घरात ठरलं आणि तू काउंटरमागे जाऊन बसलीस. त्या घडीला घराला पगार हवा होता. माझ्या वसतिगृहाची फी त्याच पगारातून गेली, हे मला ठाऊक आहे. पण ते देणं फेडायला हे पत्र लिहीत नाहीये, ते पत्राने फिटणारंही नाही. मला म्हणायचंय ते असं: उपयोगाचा हिशोब तू एकदा पुरा करून टाकला आहेस. २००४ च्या आधीची तुझी भरती, त्यामुळे जुनं पेन्शन चालू आहे. विशीतल्या पोराला विषय निवडताना नोकरीचा बाजार बघावा लागतो, माझ्या वर्गातली मुलं रोज तेच करतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. तुला बाजाराकडे बघायचं कारण उरलेलं नाही. फक्त आवडीवर विषय निवडता येणं ही चैन फार थोड्यांना मिळते. ती तू दुपारच्या भांडी आवरून उरलेल्या अर्ध्या तासात घालवावीस, हे मला पटत नाही.

मुक्त विद्यापीठाला मी नावं ठेवत नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं आणि ज्ञानगंगा घरोघरी हे त्याचं ब्रीद शब्दशः खरं ठरलं. शेतावर राबणारे, पाळीत काम करणारे, पोलीस, अंगणवाडीच्या ताई, तान्ह्या पोरांच्या आया, ज्यांच्या गावातून कॉलेज दोन बस बदलल्यावर येतं असे कितीतरी जण त्या दारातून पदवीधर झाले. यूजीसीची मान्यता असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे २०२२ मध्ये पुन्हा स्पष्टही झालं आहे. राजकुमार वैश्य नावाच्या गृहस्थांनी पाटण्याच्या नालंदा मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्राचं एम.ए. २०१७ मध्ये पूर्ण केलं ते वयाच्या ९८ व्या वर्षी. पंचाण्णवीत प्रवेश घेतलेल्या त्या माणसाला रोज वर्गात ये म्हणणं हा जाच झाला असता.

पण तुझे पाय धड आहेत. सकाळी बडकस चौकातून भाजी घेऊन चालत येतेस. चितार ओळ चौकात मेट्रो धरलीस तर ती थेट शंकरनगर, एलएडी चौकापर्यंत नेऊन सोडते. पुढे परिसरापर्यंत ऑटो. तुझ्यासमोर अंतराची अडचण नाही. तुझी अडचण घरातली आहे, आणि घरबसल्या शिकून ती सुटणार नाही, वाढेल. घरात पुस्तक घेऊन बसलेली बाई सगळ्यांना मोकळीच दिसते. बेल वाजली की दार तिनेच उघडायचं, कुरिअर तिनेच घ्यायचं, सासूबाईंचं दुपारचं औषध तिनेच द्यायचं, आणि "तू बसलीच आहेस तर" म्हणून चहाही तिनेच टाकायचा. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. घराला तशी सवय असते, इतकंच. तू अकरा वाजता चप्पल घालून बाहेर पडलीस की ती सवय मोडते. बाई घरात नाही, म्हणजे चहा दुसऱ्या कुणीतरी करायचा, हे घर दोन दिवसांत शिकतं. पोस्टात नोकरीला होतीस तेव्हा शिकलं होतंच की. पगार थांबला आणि घर ते विसरलं.

म्हणून परवानगी मागू नकोस, वेळापत्रक सांग. भाऊजी निवृत्त आहेत, त्यांना वेळ आहे आणि डब्यावर लिहिलेली औषधांची नावं त्यांना तुझ्याइतकीच वाचता येतात. दुपारसाठी एखादी मदतनीस ठेवावी लागली तर ठेव. तो खर्च तुझ्या शिक्षणाच्या खात्यात धर, घरखर्चात लपवू नकोस. मुलांच्या क्लासची फी आपण जशी उघड लिहितो तसंच तुझंही लिहून ठेव.

वर्गातच का, याचं दुसरं कारण तुझ्या विषयात आहे. तू महानुभाव साहित्याचं नाव काढलंस तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण ते आपल्या मातीतलं आहे, आणि ते एकट्याने वाचायचं साहित्य नाही. म्हाइंभटाने इ.स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलं ते कसं? चक्रधरस्वामी निघून गेल्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं त्या माणसांकडे हा गृहस्थ गावोगाव गेला, आठवणी विचारल्या, एकाची आठवण दुसऱ्याशी ताडून पाहिली, आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवली. पुढे धाडीत मूळ प्रत गेली तेव्हा लोकांनी पुन्हा आठवून आठवून पाठ उभे केले, म्हणून आज इतके पाठभेद आहेत. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ माणसांना विचारून, वाद घालून, एकमेकांना दुरुस्त करत तयार झाला. तो खोलीचं दार लावून वाचणं म्हणजे त्याची अर्धी गंमत घालवणं.

आणि त्याच मंडळीत म्हादाइसा आहे. तिला आपण मराठीची पहिली कवयित्री म्हणतो. रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने तिने धवळे रचले, हे शाळेत सगळ्यांनाच शिकवतात. त्यामानाने कमी सांगितलं जातं ते हे, की ही वयस्क विधवा चक्रधरांपुढे बसून एकसारखे प्रश्न विचारत असे, आणि तिच्या या चौकस स्वभावाचं स्वामींनी कौतुक केल्याची नोंद लीळाचरित्रातच आहे. तेराव्या शतकात, विदर्भ-मराठवाड्याच्या वाटांवर, उतारवयातली एक बाई गुरूला अडवून विचारते आहे आणि गुरूला त्याचा त्रास होत नाहीये. "कुणाला त्रास नको" हे तुझं पालुपद तिच्या कानावर पडलं असतं तर ती काय म्हणाली असती, याचा विचार कर.

नागपूरला तर या अभ्यासाची परंपरा आहे. वि. भि. कोलते इथले. महानुभाव वाङ्मयात त्यांनी हयात घालवली, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापलं. तेव्हा ते सत्तरीचे होते, हे लक्षात घे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या माणसाला ते वाचता येत नव्हते. लोकांची कोंबडीच्या पायांची अक्षरं आणि अर्धेमुर्धे पत्ते वाचण्यात तुझा जन्म गेला. पिन कोड नसलेलं पाकीट तू नुसत्या आडनावावरून आणि पेठेवरून योग्य पिशवीत टाकायचीस. हस्तलिखितं वाचायला जी नजर आणि जो धीर लागतो, तो वर्गातल्या बावीस वर्षांच्या कुणाकडे तुझ्याएवढा नसेल.

त्या पोरांबद्दलही सांगतो, कारण मी शिकवतो तिथे अधूनमधून तुझ्या वयाचं कुणीतरी वर्गात येऊन बसतं. पहिल्या आठवड्यात पोरं उठून उभी राहतात, त्यांना वाटतं नवीन मॅडम आल्या. मग काकू म्हणायला लागतात. काकू म्हणू दे, पण वर्गाची आई होऊ नकोस. डब्यात जास्तीच्या पोळ्या नेऊ नकोस, सगळ्यांच्या नोट्स नीट लिहून देऊ नकोस, भांडणं मिटवू नकोस. एकदा ती भूमिका घेतलीस की सर तुला प्रश्न विचारणार नाहीत, पोरं तुझ्याशी वाद घालणार नाहीत, आणि तू घर सोडून दुसऱ्या घरात येऊन बसल्यासारखं होईल. शिक्षक तुझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान असतील. त्यांना मान दे, पण त्यांच्या वयाकडे बघून गप्प बसू नकोस. मोठ्या वयाचे विद्यार्थी सगळ्यात जास्त मार खातात ते नको तितक्या नम्रपणाने. शंका असूनही ते विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपल्यालाच कळलं नसेल.

आता कागदपत्रांचं, कारण माणसं अभ्यासाला घाबरण्याआधी इथेच थकतात. एम.ए.ला वयाची वरची अट नाही, हे पहिलं. दुसरं, तुझी बी.ए.ची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आहे आणि आधार सासरच्या नावाचं. लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आत्ताच शोधून ठेव. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं आधारवरून उघडतं, तिथे नाव जुळलं नाही तर हेलपाटे होतात. तिसरं, मधल्या वर्षांसाठी शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र मागतील. या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असं नोटरीपुढे लिहून द्यायचं. तो मजकूर वाचून मन खट्टू करून घेऊ नकोस. दोन ओळींचा कागद आहे, सही कर आणि पुढे सरक.

अभ्यासक्रम आता बदललेला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांत ८८ श्रेयांक, पहिल्याच सत्रात संशोधनपद्धती सक्तीची, आणि पुढे संशोधन प्रकल्प. दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांसाठी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्प असतो. आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईला नोकरीचं प्रशिक्षण घ्यायला लावतील म्हणून तू हसशील. हस, आणि क्षेत्रप्रकल्प मिळत असेल तर तो माग. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला जाऊन ये. तिथे आता मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहतंय, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून या जुन्या ग्रंथांकडे लोकांचं लक्षही वळलंय. समजा एका वर्षानंतर प्रकृतीने किंवा घराने अडवलंच, तर पदव्युत्तर पदविका घेऊन थांबायची सोय आहे. मिळवलेले श्रेयांक बुडत नाहीत. पीएच.डी.चा विचार आत्ता करू नकोस. करावीशी वाटलीच तर त्यालाही वयाची अट नाही, एम.ए.ला ५५ टक्के पाड म्हणजे झालं.

वय जाणवतं ते दोन ठिकाणी. नवी नावं, सनावळ्या पटकन आठवत नाहीत, आणि हात मंदावतो. अर्थ लावणं, दोन गोष्टींचा संबंध जोडणं, शब्दसंपत्ती या गोष्टी मात्र वयाने कमी होत नाहीत, बहुतेकांच्या वाढतात. तेव्हा पाठांतरात पोरांशी स्पर्धा करू नकोस. पण लिहिण्याचा सराव पहिल्या महिन्यापासून ठेव. शेवटच्या वर्षांत तू काउंटरवर सगळं संगणकावर टाईप करत होतीस, तीन तास सलग पेनने लिहायची सवय मोडलेली असणार. मोठ्या वयाची हुशार माणसं मी शेवटचे दोन प्रश्न सोडून आलेली पाहिली आहेत, उत्तरं येत नव्हती म्हणून नव्हे, बोटं वळली म्हणून. रोज चार पानं लिही. चष्म्याचा नंबर तपासून घे.

धीरासाठी नावं हवी असतील तर दोनच सांगतो. पार्वतीबाई आठवले १९१८ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या, आणि तिथे पोटासाठी लोकांच्या घरी कामं करत शिकल्या. दुसऱ्या आपल्या नागपूरच्याच कुमुद पावडे. त्यांनी तरुणपणीच संस्कृतमध्ये एम.ए. केलं, पण दलित मुलीने संस्कृत शिकावं आणि शिकवावं हेच लोकांना खपत नव्हतं. पदवी हातात असून नोकरीसाठी थांबावं लागलं, तरी त्यांनी विषय सोडला नाही, पुढे प्राध्यापक झाल्या, आणि १९८१ च्या 'अंतःस्फोट'मध्ये ते सगळं लिहून ठेवलं. वर्गातल्या बाकासाठी कुणाला काय किंमत मोजावी लागली हे त्या पुस्तकात आहे. आपल्याला कुणी अडवत नाहीये, ताई. गल्लीतली एक कुजबुज आणि घरातला दुपारचा चहा, एवढंच आडवं येतंय.

आणि विद्यापीठ कुणाच्या नावाचं आहे ते बघ. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. शाळेत ते फार शिकले नव्हते, पण ग्रामगीतेचा एवढा मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्या फाटकातून आत जाताना आपलं वय किंवा जुने मार्क आठवून संकोचायचं काही कारण नाही.

मुक्त विद्यापीठाची पुस्तिका समोरच्या शाळेतल्या त्या लिपिक मुलीला दे, तिला नोकरी सांभाळून शिकायचंय, तिला ती खरोखर उपयोगी पडेल. तू या आठवड्यात मराठी विभागात जा, प्रवेशाच्या तारखा विचार, वेळापत्रक घेऊन ये आणि ते घरात फ्रिजवर लाव. पहिल्या सत्राचा निकाल मला कळवला नाहीस तरी चालेल. मला दुसरंच काही कळव: वर्गात असा एक प्रश्न विचार, की उत्तर द्यायला सरांना थांबून पुस्तक उघडावं लागेल. तो प्रश्न काय होता आणि पुस्तकात काय निघालं, ते मला सविस्तर लिही. फोनवर नको, पत्रातच लिही. पोस्टाने.

तुझा,
धाकटा भाऊ